लिथियम चालू असेल तर नाडीही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या अंकात उष्माघाताबद्दल मजकूर येतो. पाणी भरपूर प्या, दुपारी बाहेर पडू नका, वृद्धांना आणि लहान मुलांना जपा. त्यात मनाच्या आजारासाठी रोज लिथियम घेणाऱ्या माणसांचा उल्लेख मला आजवर आढळला नाही. माझा धाकटा भाऊ त्यांच्यापैकी एक आहे, म्हणून हे पत्र.

भाऊ 54 वर्षांचा आहे. त्याला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार आहे. 19 वर्षे तो लिथियम घेतो आहे. या गोळीच्या आधारावर त्याने नोकरी टिकवली, दोन्ही मुलींची शिक्षणे केली. आत्महत्येचा विचार रोखून धरण्यात लिथियमइतकी खात्रीची औषधे फार थोडी आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद केली तर माझ्या हातून मोठे पाप घडेल.

गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या रक्तदाबाची गोळी बदलली. नवी गोळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली होती. मीठ कमी करा, असेही डॉक्टरांनी बजावले. लिथियमचे त्यांना ठाऊक नव्हते. भावाने सांगितले नाही, कारण दार उघडे होते आणि बाहेर बाकावर ओळखीची माणसे बसली होती. पुढे गुडघा धरला, तेव्हा त्याने औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीची पट्टी आणली आणि आठवडाभर घेतली. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 च्या वर गेला आणि त्यात त्याला दोन दिवस जुलाब झाले.

त्याचे हात इतके थरथरू लागले की कपातला चहा बशीत सांडायचा. चालताना झोक जायचा, बोलणे जड झाले. आम्हा सगळ्यांना वाटले, जुना आजार पुन्हा उसळला. भावजयीने देवाला नारळ बोलला, मी त्याला 'मन खंबीर कर' म्हणून सांगत बसले. ते आठवले की आजही माझे मलाच सहन होत नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो न्हाणीघरात कोसळला.

दवाखान्यात नाडी मोजली, मिनिटाला 38. ईसीजी काढला आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागेल असे बोलणे सुरू झाले. पैशांची जुळवाजुळवही आम्ही चालू केली. रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मात्र भावजयीला सांगितले, "घरात यांच्या जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत भरून आणा." पिशवी टेबलावर रिकामी केली आणि त्यांनी लगेच लिथियमची पातळी तपासायला रक्त पाठवले. साधारण 0.6 ते 1.0 असावी ती पातळी 1.9 निघाली. 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. लिथियम थांबवले, सलाइन लावले, डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबाची ती गोळी बंद केली. पाचव्या दिवशी नाडी 64 होती. पेसमेकर लागला नाही.

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. आवर्तसारणीच्या पहिल्या गणात लिथियम आणि त्याच्या लगेच खाली सोडियम, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. एका गणातली मूलद्रव्ये एकमेकांसारखी वागतात, हेही शिकवले. मूत्रपिंड लिथियमला बरेचसे सोडियमसारखेच वागवते, हे मात्र मला भावाच्या खाटेशी बसून कळले. शरीरातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. घाम, जुलाब, मिठाचे पथ्य, लघवी वाढवणारी गोळी, टेल्मिसार्टन, डायक्लोफेनॅक, या प्रत्येकाने रक्तातले लिथियम वाढू शकते. आमच्याकडे ही सगळी एकाच महिन्यात एकत्र आली. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत ठोक्याची सुरुवात करणारा पेशींचा एक पुंजका असतो. लिथियम वाढले की तो मंदावतो, कधी मध्येच थांबतो, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. काहींच्या बाबतीत पातळी नेहमीची असूनही असे होते. शिवाय लिथियमने थायरॉइडचे काम कमी झाले तर त्यानेही नाडी संथ होते.

ही माहिती नवी नाही. 1949 मध्ये अमेरिकेत मिठाचे पथ्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. कित्येकांना विषबाधा झाली, काही दगावले आणि ते बाजारातून काढावे लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला.

मनाच्या आजारावरच्या दुसऱ्या औषधांचेही थोडक्यात सांगते. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, एस्सिटॅलोप्राम यांनी ईसीजीतले क्यूटी नावाचे अंतर लांबू शकते आणि ते फार लांबले तर ठोक्यांची जीवघेणी अनियमितता सुरू होऊ शकते. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरचे ऑन्डानसेट्रॉन, ही साध्या तापात सहज दिली जाणारी औषधेही तेच करतात, म्हणून दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो. लॅमोट्रिजिनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2021 मध्ये, ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी ठोके अनियमित होण्याचा इशारा दिला आहे.

माझे मागणे मोठे नाही. भावाचा 19 वर्षांत एकदाही ईसीजी निघाला नव्हता. लिथियमची पातळी सुरुवातीला तपासली जायची, पुढे तो बरा राहू लागला आणि आम्हीही विसरलो, डॉक्टरांनीही आठवण केली नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते आणि त्याच आवारात ईसीजीचे यंत्रही असते. चाळिशी ओलांडलेल्या किंवा हृदयाची तक्रार असलेल्या रुग्णाला लिथियम सुरू करण्याआधी एकदा आणि पुढे दरवर्षी त्या यंत्रापर्यंत पाठवण्याची पद्धत आरोग्य खात्याने घालून द्यावी. पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी ठरलेल्या मुदतीने व्हावी. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचे असते. हेसुद्धा आम्हाला इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते.

औषध दुकानदारांना कळकळीची विनंती आहे. दुखण्यावरची गोळी देताना 'दुसरे काय चालू आहे?' एवढे विचारा, आणि जरा हळू आवाजात विचारा. लिथियमचे नाव काढायला माणूस लाजतो. ती लाज आमच्या घरात जिवावर बेतली होती.

भाऊ आता पुन्हा लिथियमवर आहे, डोस कमी केला आहे आणि रक्तदाबासाठी अम्लोडिपिन आहे. तीन महिन्यांनी पातळी पाहतात. पाकिटात तो सगळ्या औषधांची चिठ्ठी ठेवतो. सकाळी उठला की घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजतो आणि कॅलेंडरवर आकडा लिहितो. काल 66 होता.

मार्च संपत आला आहे. जमल्यास हे पत्र ऊन वाढण्याआधी छापावे. माझे नाव मात्र छापू नये. भावाने पत्राला आनंदाने होकार दिला, पण धाकट्या मुलीचे लग्न ठरेपर्यंत नाव नको असे म्हणाला, आणि त्याचा शब्द मला मोडवत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर