पाणी दुसऱ्यांदा काढू द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबांनी फोनवर ‘आईच्या फुफ्फुसाभोवतीच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला’ असे सांगितले, तेव्हा आई शेजारीच असल्यामुळे मी फारसे बोलले नाही. नंतर वाटले, जे आहे ते तुम्हा दोघांना एकत्रच लिहावे. सहा वर्षांपूर्वी आईच्या स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनच्या वेळी आपण तिच्यापासून बरेच काही लपवले होते आणि तिला ते सगळे कळत होतेच.

त्या रिपोर्टमध्ये ‘कर्करोग नाही’ असे लिहिलेले नाही. ‘या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ असे लिहिले आहे. लॅबमध्ये बसून हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी लिहिले असेल, पण घरचे माणूस ते कसे वाचते हे मला काल कळले. कर्करोगामुळेच फुफ्फुसाभोवती पाणी झालेल्या रुग्णांतही पहिल्या नमुन्यात पेशी सापडतात त्या साधारण 100 पैकी 60 जणांत. फुफ्फुसाच्या आवरणावरील गाठींमधून पेशी सुटून पाण्यात पडतीलच असे नसते. शिवाय दाह झाला, की आवरणाच्या निरोगी पेशीही फुगून अशा काही दिसू लागतात, की सूक्ष्मदर्शकाखाली भले भले चकतात.

अर्थात पाणी झाले म्हणजे कर्करोग परतलाच, असेही मी म्हणत नाही. हृदय अशक्त झाले तरी पाणी साठते आणि आपल्या देशात क्षयाचा विचार आधी करावाच लागतो. परंतु आईच्या पाण्यातील प्रथिने आणि एलडीएच नावाचे एन्झाइम रक्ताच्या तुलनेत जास्त आहेत, म्हणजे ते नुसते झिरपलेले नाही, आवरणालाच काही झाले आहे; ही तुलना डॉक्टर 1972 पासून लाइट नावाच्या डॉक्टरांच्या निकषांनी करत आले आहेत. क्षयात बहुधा 40 च्या वर जाणारे एडीए हे दुसरे एन्झाइम मात्र कमी आले आहे. म्हणून ‘क्षयाच्या गोळ्या सुरू करून बघू’ हा सल्ला मला पटत नाही. त्यात महिने जातील.

पहिल्या वेळी जेमतेम एक सिरिंजभर पाणी पाठवले होते. या वेळी निदान 50 मिली द्यायला सांगा आणि त्याचा ‘सेल ब्लॉक’ मागा. त्यात पाण्यातल्या पेशी तळाशी बसवून मेणात घट्ट करतात, त्यामुळे त्यांवर वेगवेगळे रंग चढवून त्या कुठून आल्या हे बघता येते, आणि स्तनाच्या असल्या तर ईआर, पीआर, हर-टू ही पेशींमधली ग्राहक-प्रथिने पुन्हा तपासता येतात. सहा वर्षांत ती बदललेली असू शकतात आणि औषध त्यांवरच ठरते.

आई, सुई लावली की रोग पसरतो ही तुझी भीती मनातून काढून टाक. सोनोग्राफीत जागा बघून, फासळीच्या वरच्या कडेवरून सुई घालतात, कारण रक्तवाहिन्या आणि नस खालच्या कडेला असतात. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त सहसा काढत नाहीत. मध्येच खोकला आला किंवा छाती आवळल्यासारखी वाटली तर सोसत बसू नकोस, लगेच सांग.

बाबा, डॉक्टर पाठीवर बोटे ठोकून काय बघतात, असे तुम्ही विचारले होते. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी 1761 मध्ये ती रीत छापून मांडली; वडिलांच्या खानावळीतली पिंपे ठोकून किती भरली आहेत हे ते ओळखत, असे सांगतात. तुम्ही बाजारात कलिंगड ठोकून घेता, तसेच.

दुसऱ्या नमुन्यातही काही सापडले नाही, तर दुर्बिणीने आवरण बघून तुकडा घेतात. त्यात 10 पैकी 9 जणांहून अधिकांचे निदान होते, तेव्हा ‘आता पुरे’ म्हणू नका.

मी शुक्रवारी सकाळी पोहोचते. तोवर बाबांनी आईची जुनी फाइल काढून ठेवावी, ऑपरेशनच्या वेळचे ब्लॉक आणि स्लाइड मागवण्यासाठी तिच्यातला नोंदणी क्रमांक लागेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आजच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. रात्री आईला उशा लावून टेकून झोपू द्या.

तुमची लेक