पाटी मराठीत झाली. वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा अक्षरे केवढी हवीत, पाटी कुठे लावायची, यावर शहरभर चर्चा झाली. त्याच दुकानांची दुसरी पाटी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर असते. तिच्याकडे मात्र मालकाचे लक्ष नसते. ओळखीतल्या कुणाला तरी पंधरा-वीस हजार रुपये देऊन वेबसाइट करून घेतली जाते आणि ती कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर काय लिहिले आहे, हे दोन वर्षांनी अडचण आली की कळते. दिवाळीच्या तोंडावर अनेक छोटे व्यावसायिक वेबसाइट करायला घेतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी मालकीचे बोलू, कारण ही एक चूक नंतर पैसे टाकूनही सुधारेल याची खात्री नसते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या बोलीवर नोंदवायचे असते आणि ज्याच्या ईमेलवर नोंदणी, त्याच्या हाती किल्ली. वेबसाइट बांधणारा सोयीसाठी स्वतःच्याच खात्यातून नाव घेतो. त्यात दरवेळी लबाडी असते असे नाही. दहा गिऱ्हाइकांची नावे एका खात्यात ठेवणे त्याला सोपे जाते. पण त्याने धंदा बदलला, फोन उचलणे बंद केले किंवा नूतनीकरण विसरला, की वेबसाइट बंद पडते आणि त्या नावावरचे ईमेलही थांबतात. मुदत आणि वाढीव मुदत दोन्ही संपल्या की ते नाव कुणीही घेऊ शकतो. नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवायचे तर ‘ऑथ कोड’, म्हणजे हलवण्याच्या परवानगीचा परवलीचा शब्द लागतो, आणि तोही त्याच खात्यातून निघतो.

म्हणून डोमेन मालकाने स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या फोन नंबरवर, स्वतः पैसे भरून घ्यावे. बांधणाऱ्याला कामापुरता प्रवेश द्यावा. वर्षाचा खर्च साधारण हजार-दीड हजार रुपये. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नये. दुसऱ्या वर्षीचा दर विचारून घ्यावा. परदेशी कंपनीकडे नाव असेल तर ‘ऑटो रिन्यू’वर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापू देण्याच्या परवानगीचे नियम २०२१पासून कडक झाल्यावर कार्डावरून आपोआप कापले जाणारे असे पैसे अनेकदा नाकारले जातात, आणि त्याची सूचना न वाचलेल्या ईमेलमध्ये पडून राहते. एकदम तीन वर्षांचे पैसे भरून कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे.

नाव निवडताना एक कसोटी लावावी: फोनवर एकदा उच्चारलेले नाव ऐकणाऱ्याला न विचारता टाइप करता आले पाहिजे. आपल्याकडे ‘श्री’ रोमनमध्ये लिहिताना कुणी शेवटी आय लावतो, कुणी दोन ई. ‘पूजा’, ‘स्वीट’ यांचेही तेच. अशा नावाची दोन्ही स्पेलिंगे घेऊन एक दुसऱ्याकडे वळवावी. मध्ये आडवी रेघ नको. देवनागरीतले ‘डॉट भारत’ नावही मिळते; ते जरूर घ्यावे, पण जोडीला. त्या नावाचा ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही.

फुकटच्या पानांचाही अनुभव लक्षात घ्यावा. गुगलने व्यवसायांच्या प्रोफाइलबरोबर दिलेल्या मोफत वेबसाइट मार्च २०२४मध्ये बंद केल्या. ज्यांनी पिशव्यांवर आणि बिलांवर तोच पत्ता छापला असेल, त्यांचा तो पत्ता आता कुठेच पोहोचत नाही. स्वतःचे नाव असते, तर मागची जागा बदलूनही छापलेला पत्ता चालू राहिला असता.

आता वेबसाइटवर लिहायचे काय? लालबागच्या मसाला गल्लीतले एखादे दुकान घेऊ. हंगामात फोनवर येणारे प्रश्न ठरलेले असतात. मिरची आम्ही आणली तर नुसती कुटून द्याल का? भाजण्याची मजुरी धरून किलोला काय पडेल? कमीत कमी किती किलो? थांबून नेता येईल की दुसऱ्या दिवशी यावे लागेल? डोंबिवलीला घरपोच मिळेल का? आणि अशा दुकानाची वेबसाइट उघडावी तर ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’, खाली हसऱ्या परदेशी कुटुंबाचा फोटो. गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही.

यासाठी गल्ल्याजवळ महिनाभर एक वही ठेवावी. फोनवर किंवा समोर जो प्रश्न येईल तो विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहावा. तोच पुन्हा आला तर पुढे रेघ मारावी. ज्या पाच-सहा प्रश्नांपुढे सर्वाधिक रेघा, त्यांची उत्तरे पहिल्या पानावर गेली पाहिजेत, आणि शीर्षकेही त्याच शब्दांत हवीत. लोक गुगलवर ‘मसाला कुटून मिळेल’ असेच शोधतात, ‘आमच्या सेवा’ असे कुणी शोधत नाही. भाव द्यायचे की नाहीत, यावर दुकानदार अडतात. कुटण्याची मजुरी हंगामात एकदा ठरते. ती बिनधास्त द्यावी. मिरचीचा भाव रोज हलतो. तो द्यायचा तर शेजारी तारीख हवी आणि मालकाला मोबाइलवरून बदलता आला पाहिजे. जुना भाव तसाच राहिला तर तारखेवाचून भांडण ठरलेले.

सुरुवातीला पाच पाने पुरतात: मुखपृष्ठ, माल किंवा सेवा दरांसह, पत्ता आणि वेळा, दुकानाविषयी, आणि अटी. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर काय मिळते, कुठे मिळते आणि फोनचे बटण, एवढे न सरकवता दिसावे. दरपत्रकाचा फोटो चिकटवणे ही सर्रास होणारी चूक. ते बोटांनी मोठे करून वाचावे लागते, गुगलला त्यातला मजकूर धड उचलता येत नाही आणि एक दर बदलायचा तर पुन्हा डिझायनर गाठावा लागतो. दर अक्षरांत टाइप केलेलेच हवेत.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळे आहे आणि इथे बहुतेक बांधणारे लक्ष देत नाहीत. दुकानाचे पत्रक ज्या डीटीपी ऑपरेटरने श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केले, त्याची फाइल तशीच चिकटवली तर वेबसाइटवर अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखी दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलावा लागतो, आणि बदलताना रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ हमखास तुटतात. ‘पुऱ्या’, ‘खोबऱ्याच्या वड्या’, ‘मिर्ची’ हे शब्द शोधून तपासावेत. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ नोंदवायला सांगावे. ती इंग्रजी राहिली तर अंधांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर गोंधळते, आणि काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श मिळायचे तिथे हिंदी वळणाचे मिळतात. देवनागरीला ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टेकत नाहीत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा फाँट मोफत आहे आणि पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. देवनागरी फाँटच्या फायली जड असतात, म्हणून साधा आणि ठळक अशा दोनच घ्याव्यात.

इंग्रजी वाचणारे गिऱ्हाईकही असतेच. त्यांच्यासाठी वेगळ्या पत्त्यावर वेगळे पान माणसाकडून लिहून घ्यावे. आपोआप भाषांतर करणारे बटण ‘मेतकूट’ आणि ‘कुळीथ पीठ’ यांचे काय करील याचा भरवसा नाही.

मोबाइलवर काढलेला एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो जसेच्या तसे टाकले की लोकलमध्ये उभ्या माणसाचे पान उघडता उघडत नाही. फोटोची रुंदी १२०० पिक्सेल करावी, फाइल वेबपी या हलक्या प्रकारात साठवावी, एक फोटो १५० केबीच्या आत बसवावा. गुगलच्या मापानुसार पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. कोडमध्ये प्रत्येक फोटोची रुंदी-उंची नोंदवलेली असावी, नाहीतर फोटो उशिरा येतो, पान खाली सरकते आणि बोट भलत्याच बटणावर पडते. सरकत्या फोटोंची पट्टी काढूनच टाकावी. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत फार कमी लोक थांबतात. तपासणी ऑफिसच्या वायफायवर करू नये. दहा हजारांच्या आतला अँड्रॉइड फोन घेऊन, मोबाइल डेटावर, दुकानाबाहेर उभे राहून करावी.

पत्त्याला मुंबईत ‘दादर’ एवढे पुरत नाही. पूर्व की पश्चिम, स्टेशनच्या कोणत्या पुलावरून उतरायचे, गाळा क्रमांक, कितवा मजला, आत जायचा रस्ता कोणत्या गल्लीतून, हे सगळे लिहावे. नकाशावरची खूण इमारतीच्या मधोमध न ठेवता प्रवेशद्वारावर ठेवावी. गुगल प्रोफाइलवरचे नाव, पत्ता, फोन आणि वेबसाइटवरचे अक्षरशः एक असावेत. साप्ताहिक सुट्टी आणि गणपती-दिवाळीतल्या बदललेल्या वेळा दोन्हीकडे घालाव्यात.

चौकशीचा फॉर्म नाव, फोन आणि प्रश्न यापलीकडे नेऊ नये. फॉर्म भरला जातो पण दुकानदाराला काहीच मिळत नाही, ही तक्रार फार आढळते. कारण बहुधा असे असते: बांधणाऱ्याने पाठवणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता टाकलेला असतो, त्यामुळे जीमेलला तो तोतया वाटतो. पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा, गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जाते त्या रकान्यात जावा आणि ईमेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी डोमेनवर केलेल्या असाव्यात. दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः फॉर्म भरून बघावा. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबर ९१ने सुरू करावा, आधी अधिकचे चिन्ह किंवा शून्य नको. पानावर नंबर देवनागरी आकड्यांत दाखवायला हरकत नाही. मागची लिंक मात्र रोमन आकड्यांचीच हवी, नाहीतर बोट लावल्यावर फोन लागत नाही.

वेबसाइटवरून माल विकायचा असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा दाखवावे लागतात. दुकान एका माणसाचे असेल तर तो अधिकारी मालकच. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. परतावा, बदली, पोहोच यांच्या अटी आणि करांसह एकूण किंमत लिहावी लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक द्यावा. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेण्याची सोय देणाऱ्या कंपन्या, हीच पाने आधी तपासतात. ती नसली की मंजुरी अडते. दिवसाला दोन-चार ऑर्डर असतील तोवर व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर काम भागते. कुणाचे पैसे आले आणि कुणाचे राहिले हे जुळवता येईनासे झाले, की गेटवे घ्यावा.

कामाचे पैसे तीन हप्त्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता ताबा मिळाल्यावरच. ताब्यात काय यावे? होस्टिंगचा (वेबसाइटच्या फायली ठेवलेल्या भाड्याच्या जागेचा) आणि वेबसाइटचा मुख्य लॉगिन, मूळ फोटो, गुगल सर्च कन्सोलची (गुगलच्या शोधात वेबसाइट कशी दिसते हे दाखवणाऱ्या खात्याची) मालकी, आणि होस्टिंगच्या बाहेर ठेवलेली बॅकअपची एक प्रत. हौसेने चोरीची थीम, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, वापरू देऊ नये. तिच्यात घुसवलेले कोड काही महिन्यांनी पानावर जुगाराच्या लिंका दाखवू लागते.

व्यापारी संघटनांना विनंती अशी की दसऱ्याआधी एका संध्याकाळी सदस्यांना मोबाइल घेऊन कार्यालयात बोलवावे. प्रत्येकाने आपल्या डोमेनच्या खात्यात ‘पासवर्ड विसरलो’ दाबून बघावे. ईमेल स्वतःकडे आला तर ठीक. नाही आला तर तिथेच बसून बांधणाऱ्याला लेखी कळवावे: डोमेनचे नाव, ज्या ईमेलवर ते हवे तो पत्ता, ऑथ कोडची मागणी आणि आठ दिवसांनंतरची तारीख.

आपला,
वेबसाइट बांधणीच्या व्यवसायातील एक वाचक,
परळ, मुंबई