इमारतीच्या विम्याचे कोटेशन मंजूर करण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : विमा नूतनीकरणाच्या मसुद्यात दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

नूतनीकरणाचा मसुदा सूचनाफलकावर लावलात, हे बरे केलेत. त्यात २४ सदनिका × ७५ लाख अशी १८ कोटींची विमा रक्कम धरली आहे. हा झाला बाजारभाव, म्हणजे जमिनीच्या किमतीसकट. जमीन काही जळत नाही; कंपनी देते तो फक्त बांधकामाचा खर्च. त्याहून जादा रकमेवर भरलेला हप्ता पाण्यात जातो. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत हिशेब सोपा आहे : कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम दर. सदनिका सरासरी ६० चौ. मी. आणि दर चौ. मी.ला समजा ३०,००० रुपये धरला, तर २४ सदनिकांचे ४ कोटी ३२ लाख होतात. दर आर्किटेक्टकडून लेखी घ्यावा. कंपाउंड वॉल, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनल यांच्या रकमा वेगळ्या नोंदवून त्यात मिळवाव्यात. त्या लिहायच्या राहतात आणि भिंत पडली की वाद सुरू होतो.

तळमजल्यावरची दुकाने या पॉलिसीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे, ५ कोटींपर्यंत. तिथे रक्कम जपून धरावी. गृह रक्षेत विमा कमी पडला तरी दाव्यात त्या प्रमाणात कपात होत नाही; दुकानांच्या पॉलिसीत मात्र विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तरच ही सूट, त्याहून कमी असेल तर दावाही त्या प्रमाणात घटतो. एक कोटीच्या मालमत्तेचा ६० लाखांचाच विमा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीचे हाती ६ लाख येतील.

हप्ता सर्वांना सारखा लावला आहे, तेही बदलावे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) तो बिल्ट-अप क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा असतो. एखाद्या गाळ्यातल्या ज्वलनशील मालामुळे कंपनीने जादा हप्ता मागितला, तर तो त्या गाळेधारकानेच भरायचा.

सभेत हमखास प्रश्न येतो तो गळतीचा. वरच्या बाथरूममधून वर्षभर झिरपणाऱ्या पाण्याचे पैसे कोणतीही कंपनी देत नाही, ती झीज धरली जाते. टाकी किंवा पाइप अचानक फुटला, तर दावा बसतो. तसेच विजेचे : शॉर्टसर्किटने लिफ्टची मोटर जळाली तर मोटरचे पैसे नाहीत, पण तिथून आग पसरून जिना जळाला तर जिन्याचे मिळतात. मोटरसाठी यंत्रबिघाड विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि लिफ्टमध्ये कुणाला इजा झाली तर त्याच्या भरपाईसाठी दायित्व विमा. चोरीचे संरक्षणही जुजबीच आहे : आग, पूर अशा घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. पंप चोरीला गेला तर घरफोडीची पॉलिसी हवी.

सभासदांसाठीच्या परिपत्रकात दोन गोष्टी ठळक छापाव्यात. सोसायटीची पॉलिसी इमारतीची आहे. फर्निचर, टीव्ही, कपडे, दागिने यांचा विमा ज्याचा त्याने घ्यायचा. गृह रक्षा फक्त घरातल्या सामानासाठीही मिळते. दुसरे म्हणजे, बँकेने कर्जासोबत दिलेली पॉलिसी बहुतेकदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नव्हे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘विमा उतरवलेली मालमत्ता’ म्हणून घराचा पत्ता आहे का, एवढे पाहिले की कळते.

सुधारित कोटेशन किमान दोन कंपन्यांकडून, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून मागवावे आणि मंजूर नकाशाची प्रत अर्जासोबत जोडावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद