शस्त्रक्रियेची मदत ऑपरेशन टेबलापुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा पारलिंगी आहे. जन्मनोंदीत तो मुलगी होता, आणि त्याच्या छातीच्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष झाले. त्या काळात पैशांची जी जुळवाजुळव आम्हाला करावी लागली तिच्या अनुभवावरून, अशा शस्त्रक्रियांसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल हे पत्र लिहीत आहे.

लोक सरसकट 'लिंगबदल' असा शब्द वापरतात आणि त्यामुळे हे एका दिवसाचे काम आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्याआधी समुपदेशन असते, मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र असते, हार्मोनची इंजेक्शने असतात आणि त्या इंजेक्शनांमुळे रक्त फार दाट तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने तपासण्या असतात. कोणाला फक्त छातीची शस्त्रक्रिया हवी असते, कोणाला गर्भाशयही काढायचे असते. ट्रान्स स्त्रियांमध्ये, म्हणजे जन्मनोंदीत मुलगा असलेल्या स्त्रियांमध्ये, योनिमार्ग तयार करण्याची शस्त्रक्रिया झाली, तर तो आकसू नये म्हणून पुढे कित्येक महिने डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत नळी, वापरावी लागते. काहींना शस्त्रक्रिया नकोच असते, आणि ओळखीसाठी तिची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात बजावले आहे. पण ज्यांना ती हवी आहे, त्यांच्यासाठी ती चैन नाही. आपल्याच अंगाकडे पाहवत नाही म्हणून अंधारात आंघोळ करणारे मूल मी घरात पाहिले आहे.

2019 च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या 15 व्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि लेझर उपचार यांचा खर्च भागवणारी सर्वसमावेशक विमा योजना असावी, असे लिहिले आहे. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातील वगळलेल्या उपचारांची प्रमाणित यादी काढली आणि तिच्यात सातव्या क्रमांकावर लिंगबदलाचे उपचार ठेवले. मुलाच्या नोकरीतून मिळालेल्या गटविम्याच्या कंपनीने आमचा अर्ज याच मुद्द्यावर एका ओळीत फेटाळला. कायदा देतो म्हणतो आणि पॉलिसी नाही म्हणते. मधल्या मध्ये माणसाने काय करावे, हे कोणी सांगत नाही.

सरकारी योजना आहे, आणि ती आखणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालय यांच्यात 'आयुष्मान भारत टीजी प्लस'चा करार झाला आणि पारलिंगी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरचे ओळख प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण देण्याचे ठरले. मात्र आमच्या वेळेस, योजनेत बसणारे आणि ही शस्त्रक्रियाही करणारे रुग्णालय आम्हाला शेवटपर्यंत सापडले नाही. शिवाय आयुष्मान भारतच्या मूळ रचनेत, दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस एवढाच खर्च धरलेला आहे. अपेंडिक्सला हा हिशेब पुरेल, इथे पुरत नाही.

कारण खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो. मुलाच्या छातीच्या दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या होत्या आणि त्यांच्या टोकांना मुठीएवढे प्लास्टिकचे फुगे. सकाळ-संध्याकाळ त्यांतले पाणी मी मापात ओतून पाहत असे आणि 'डावा 45, उजवा 60' असे वहीत लिहून ठेवत असे. दिवसभराचा आकडा 30 मिलीलिटरच्या खाली उतरल्यावरच नळ्या निघणार होत्या. त्याच वहीच्या मागच्या पानांवर, कोणाकडून किती उसने घेतले, ते लिहिलेले आहे. मुलाचे काम गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे, आणि डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला सक्त मनाई केलेली. त्या सहा आठवड्यांची मजुरी गेली, मी त्याच्याजवळ थांबले म्हणून माझीही गेली. घट्ट बसणारे कम्प्रेशन जॅकेट, ड्रेसिंगचे सामान, तपासणीसाठीच्या फेऱ्या, हे कोणत्याच पॅकेजमध्ये नव्हते.

माझ्या मुलाला निदान आईचे घर होते. ज्यांना घरातून बाहेर काढले गेले आहे, त्यांनी टाके भरेपर्यंत कोठे पडून राहायचे? पैसे नाहीत म्हणून माणसे थांबून राहत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. 'निर्वाण', म्हणजे जननेंद्रिय कापून घेण्याचा विधी, करण्यासाठी भूल न घेता, तो विधी करणाऱ्या दायमाच्या हातून जिवावर उदार झालेल्या हिजडा समाजातल्या कित्येक जणी आपल्याच आजूबाजूला आहेत.

तामिळनाडूने 2008 मध्येच कल्याण मंडळ स्थापन केले आणि पुढे सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत होऊ लागल्या. केरळने शस्त्रक्रियेच्या रकमेखेरीज नंतरच्या महिन्यांसाठीही दरमहा साहाय्य देऊ केले. महाराष्ट्रात 2020 पासून तृतीयपंथीयांचे कल्याण मंडळ आहे. माझी विनंती त्या मंडळाला आणि सामाजिक न्याय विभागाला आहे. हार्मोन आणि तपासण्यांचा खर्च पहिल्या भेटीपासून धरावा. डॉक्टर जेवढी विश्रांती सांगतील तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी द्यावी, आणि बेघर रुग्णांची जखम भरेपर्यंत राहण्याची सोय करावी. 'आधी भरा, मग बिले जोडा' ही पद्धत तर अजिबात नको, कारण आधी भरायला ज्याच्याकडे पैसे आहेत, तो मदत मागायला कशाला येईल? कोणत्या सरकारी रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया होते, याची यादीही प्रत्येक जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाबाहेर लावावी. आमचे चार महिने केवळ ते शोधण्यात गेले.

आपली,
एका पारलिंगी तरुणाची आई