अंगठा लागला म्हणजे सिस्टर बरी आहे असं नाही

मा. संपादक,

मी पुण्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर होते, आता रिटायर. ताप, पाठदुखी, मायग्रेन सगळं अंगावर काढून पोरी ड्युटीला येतात कारण रिलीव्हर नसतो, फोन केला की मेट्रन ऑफिसचं उत्तर ठरलेलं, गोळी घे आणि ये, मग बघू. बायोमेट्रिकवर अंगठा लागला की हजेरी झाली, आजारी आलीये याची नोंद कुठेच नाही. उलट 12 मे ला, नर्सेस डेला, वर्षभर दांडी न मारणारीला बक्षीस देतात, म्हणजे तापात येणाऱ्यांना अजून चढवायचं!

इन्सुलिनचंच बघा. वायल म्हणजे बाटली दर मिलीला 40 युनिटची पण येते आणि 100 ची पण, सिरिंज पण वेगवेगळ्या. 100 ची वायल चुकून 40 च्या सिरिंजमध्ये भरली तर पेशंटला अडीचपट डोस जातो. नाइट संपत आलीये, अंग फणफणलंय आणि त्यात हे बारीक अक्षर वाचायचं.

आजारी असून कामावर येण्याचा कामावर काय परिणाम होतो ते मोजायची सोय आहे हो, त्यालाच प्रेझेंटीझम म्हणतात. स्टॅनफर्ड प्रेझेंटीझम स्केल म्हणून 6 प्रश्नांचा फॉर्म 2002 पासून आहे, मागच्या महिन्यात तब्येतीमुळे कामात लक्ष लागलं का, अवघड काम उरकलं का असं विचारतात, मार्क 6 ते 30. यात जास्त मार्क म्हणजे चांगलं, एचआरवाल्यांनी उलटं वाचू नये म्हणजे मिळवली. पण नुसतं त्यावर जाऊ नका, सिस्टर काम उरकलं असंच लिहिणार आणि ते खोटंही नसतं, इंजेक्शनं दिली जातात, चार्ट भरले जातात, राहतं ते दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलणं, तोंड पुसणं, घाबरलेल्या नातेवाइकाशी दोन शब्द बोलणं. ते वेगळं विचारा. आणि फॉर्मवर नाव किंवा एम्प्लॉयी कोड अजिबात नको, नाहीतर सगळ्याजणी 30 पैकी 30!

एनएबीएचवाली, म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट घेतलेली हॉस्पिटलं औषधांच्या चुका आणि बेडसोअर मोजतातच ना, मग त्याच तक्त्यात वॉर्डवार हा आकडा टाका, किती सिक लीव्ह नाकारल्या ते पण टाका. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या नॉर्ममध्ये 30 टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी जादा सिस्टर, धरलेला आहे, त्यातल्या किती जागा खरंच भरल्यात हे पण त्याच कागदावर येऊ दे.

एक निवृत्त सिस्टर, धायरी, पुणे