कोरड्या रस्त्यावर एबीएस सुरू होते, हा हिवाळ्याचा दोष नव्हे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कमी वेगात एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा) विनाकारण सुरू होणे आणि सर्व्हिस सेंटरने तपासणी न करताच गाडी परत देणे

महोदय,

गाडी थांबत आली आणि वेग ताशी १० किलोमीटरच्या खाली गेला, की हलक्या ब्रेकलाही पॅडल पायाखाली थरथरते, पंपाची घरघर ऐकू येते आणि गाडी हवी तिथे न थांबता पुढे सरकते. हे कोरड्या डांबरावर होते. तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर शेरा मारला आहे: "एरर कोड नाही. हिवाळ्यात एबीएस अशीच चालते. टायर बदलून पाहावेत." हा शेरा मला मान्य नाही.

आधी टायर. चारही टायर एकाच मापाचे व एकाच बनावटीचे आहेत, कडेवर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह (हिवाळी टायरची खूण) आहे, खाचांची खोली ६ मिलिमीटर आहे. हवा टायर थंड असताना, दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणे भरलेली आहे (तापमान २० अंशांनी उतरले की ती ३ ते ४ पीएसआयने कमी होते, हे धरूनच). शिवाय टायरची पकडच कमी पडत असती, तर ताशी ४० किलोमीटरवर जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस आधी सुरू झाली असती. तेव्हा ती गप्प असते.

या लक्षणांवरून संशय जातो तो चाकाच्या वेग-सेन्सरवर. या मॉडेलमध्ये पॅसिव्ह, म्हणजे बाहेरून वीज न लागणारे, सेन्सर आहेत. टोन रिंगचे (चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचे) दात सेन्सरसमोरून सरकतात तसा त्यात एसी व्होल्टेज तयार होतो; चाक जितके हळू फिरेल तितका तो कमी, आणि सेन्सर व रिंग यांमधली फट जितकी जास्त तितका आणखी कमी. ही फट मुळात जेमतेम मिलिमीटरभर असते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ सेन्सरच्या बैठकीत शिरते, तिथे गंज फुगतो आणि सेन्सर वर उचलला जाऊन फट वाढते. जास्त वेगात सिग्नल पुरतो. वेग उतरला की त्या एका चाकाचा सिग्नल बाकीच्या तिघांच्या आधी शून्यावर येतो. कंट्रोल युनिटला (एबीएसच्या संगणकाला) वाटते चाक लॉक झाले, आणि ते त्या चाकाचा ब्रेकदाब सोडून देते. त्याच्या लेखी सगळे सुरळीत असते, म्हणून ना दिवा लागतो, ना कोड साठतो. "कोड नाही" म्हणजे "दोष नाही" असे तुमच्याच तंत्रज्ञांनी समजावे, हे मला गंभीर वाटते. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे शेवटच्या दोन-तीन मीटरांत ब्रेक सुटणे ही किरकोळ बाब नाही.

माझी मागणी अशी. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी दाखवत गाडी हळूहळू थांबवून पाहावी. कोणते चाक आधी शून्यावर जाते ते लगेच दिसेल. मग गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवावे आणि मल्टिमीटरने सेन्सरचा एसी व्होल्टेज मोजून डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करावी. दोषी सेन्सर काढून बैठकीवरचा गंज ब्रशने व पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करावा, गंजरोधक थर द्यावा, टोन रिंगला तडा गेला आहे का आणि व्हील बेअरिंगला खेळ आहे का तेही तपासावे. बैठक साफ न करता नुसता नवा सेन्सर बसवू नये. तोही त्याच गंजावर तितकाच वर बसेल. हायड्रॉलिक युनिट (ब्रेकदाब कमी-जास्त करणारा एबीएसचा भाग) बदलण्याचा महागडा सल्ला तर या मोजणीआधी देऊच नये.

दुसरी तक्रार मालक-पुस्तिकेबद्दल. तीत "एबीएसमुळे सर्व रस्त्यांवर थांबण्याचे अंतर कमी होते" असे छापले आहे. हे चूक आहे. भुसभुशीत बर्फात लॉक झालेल्या चाकापुढे बर्फाचा ढीग साचून गाडी अडते; एबीएस चाक फिरते ठेवते, त्यामुळे तिथे अंतर वाढू शकते. एबीएसचा खरा लाभ म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग हातात राहते. पकड मात्र ती निर्माण करत नाही. ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला कोरड्या डांबरावर सुमारे १२ मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर सुमारे ५०, गुळगुळीत बर्फावर १०० च्या आसपास; यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. पुस्तिकेवर भरवसा ठेवून कोणी पुढच्या गाडीशी अंतर कमी राखले, तर जबाबदारी कोणाची? ते वाक्य काढावे आणि पॅडल थरथरले तरी पाय उचलू नये, ब्रेक पंप करू नये, ही सूचना ठळक छापावी.

वरील तपासणी वॉरंटीत करून चारही सेन्सरची मोजलेली आकडेवारी मला लेखी द्यावी. जॉबकार्डची प्रत आणि पुस्तिकेतील त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
गाडीमालक