नाताळचं पान नोव्हेंबरात छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २५ डिसेंबरच्या अंकात आपण नाताळवर एक पान देता. केकची कृती, सांताक्लॉज, नागपुरातल्या जुन्या चर्चच्या रोषणाईचा फोटो. पान देखणं असतं, पण हातात पडतं त्या दिवशी त्याचा उपयोग संपलेला असतो. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो आणि खेड्यातल्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, तयारी तिथून सुरू होते. कागद, मेण, वात, बेकरीची ऑर्डर हे सारं कापसाची वेचणी आणि गव्हाचं पाणी सांभाळून जमवायचं असतं. ज्यांना २५ तारखेला आठवण होते ते शेवटी डीजे ठरवतात.

दुसरी तक्रार अशी की त्या पानावर मोरावियन मंडळी या युरोपातल्या जुन्या प्रोटेस्टंट पंथाचं नाव कधी दिसत नाही. अनेक टोकांची कागदी चांदणी, लहान मुलांच्या हातातली लाल फितीची मेणबत्ती, उपासनेतच बसून घेतलेला चहा-पाव आणि वर्षअखेरचं वृत्तवाचन या रीती त्यांनी रुजवल्या. विदर्भातल्या जुन्या मंडळ्या स्कॉटिश, अलायन्स, फ्री मेथडिस्ट अशा मिशनांमधून उभ्या राहिल्या, मोरावियन नव्हेत. तरी या रीती आपल्या खेड्याला चपखल बसतात, कारण त्या काढणारी वस्तीही हातावर पोट असलेल्यांची होती. चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या यान हुस या धर्मोपदेशकाला १४१५ मध्ये जिवंत जाळलं. त्याच्या मागून आलेल्यांनी १४५७ मध्ये बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) एक बंधुसंघ स्थापला, तीच ही मोरावियन मंडळी. पुढे छळामुळे पांगलेल्यांपैकी काही कुटुंबं १७२२ मध्ये जर्मनीच्या सॅक्सनीतल्या काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर येऊन राहिली. त्या गावाचं नाव हेर्नहूट. भारतात ही मंडळी १८५६ मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या केलाँगला आणि १८८५ मध्ये लेहला पोहोचली. बर्फामुळे वाटा बंद झाल्या की केलाँगला बायकांचे विणकामाचे वर्ग भरत. लाहौलच्या लोकरी मोज्यांचं विणकाम तिथूनच सुरू झालं. आपल्याकडे हिवाळ्यात वाटा बंद होत नाहीत, उलट शेतीची कामं अंगावर असतात. म्हणून रीत उचलताना वेळ आणि साहित्य आपलं धरावं लागतं. ते न केल्यामुळे काय बिघडतं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी उपासनेतला चहा-पाव, म्हणजे प्रीतिभोजन. १३ ऑगस्ट १७२७ रोजी हेर्नहूटशेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) झालं, लोकांचे आपसातले तंटे मिटले आणि कुणालाच घरी जावंसं वाटेना. झिंझेनडॉर्फने आपल्या वाड्यातून खाणं पाठवलं, लोक गटागटाने तिथेच बोलत बसले. मोरावियन प्रीतिभोजन हे असं साधं आहे. तो संस्कार नाही, त्याला बाप्तिस्म्याची अट नाही, शेजारचा कुणीही दरीवर येऊन बसू शकतो. गावातल्या गावात ज्यांची एकमेकांच्या घरी ऊठबस नाही, त्यांनी एका रांगेत एकाच परातीतला पाव घेणं ही लहान गोष्ट नव्हे. नियम पंगतीसारखाच, सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी तोंडात घास घालायचा नाही. मग सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची आणि खाणं चालू असताना गाणाऱ्यांनी गायचं.

१०० माणसांचा हिशेब असा. साधारण ६० ग्रॅमचे गोड बनपाव १००. घरी भाजायचे तर ४ किलो मैदा लागतो. बेकरीला निदान आठ दिवस आधी सांगावं, कारण नाताळच्या आठवड्यात तालुक्याच्या बेकरीत केकचीच घाई असते. चहाला साडेपाच लिटर दूध, ५ लिटर पाणी, एक किलो साखर, पाव किलोच्या आत चहापत्ती आणि थोडं आलं. साखर आधीच घातलेली हवी, वेगळी फिरवली की गाणं मोडतं. दहा-बारा माणसांमागे एक वाढपी धरावा. आधी पाव, मग चहा. उलट केलं तर चहा निवतो, कारण पाव पोहोचेपर्यंत कुणी पिणार नाही. डिसेंबरच्या रात्री उघड्या किटलीतला चहा पाच मिनिटांत गार होतो, म्हणून जार किंवा झाकणाचा डबा वापरावा.

यात खरी चूक एकच होते आणि ती जवळपास सगळीकडे होते. प्रीतिभोजनाचं जेवण केलं जातं. मसालेभात आला, रस्सा आला, की पंधरा बाया चुलीपाशी अडकतात आणि उपासना भिंतीपलीकडून ऐकतात. ज्या भोजनात स्वयंपाक करणाऱ्यांना बसायला जागा नाही त्याला प्रीतिभोजन म्हणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जेवण करायचंच तर दुसऱ्या दिवशी दुपारी करा.

आता मेणबत्ती. २० डिसेंबर १७४७ रोजी जर्मनीतल्या मारियनबॉर्न इथे मोरावियन पाळक योहान फॉन वॉटेविल यांनी मुलांच्या सभेत प्रत्येक मुलाच्या हाती लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली. मोरावियन मंडळ्यांत ती मधमाश्यांच्या मेणाची करण्याची चाल आहे. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, बाजारच्या मेणापेक्षा कमी गळतं. मेळघाटाच्या बाजूला मध काढणाऱ्यांकडे पोळ्याचा चोथा मिळतो. तो फडक्यात बांधून पाण्यात उकळला की मेण वर येतं आणि गार झाल्यावर थर निघतो. पुन्हा वितळवताना भांडं गरम पाण्यात ठेवावं, थेट आचेवर मेण पेट घेतं. वात मात्र जाड, वेणी घातलेल्या सुताची हवी. बारीक वात या मेणात बुडून विझते.

विकतच्या मेणबत्त्या आणल्या तरी हरकत नाही, पण तळाशी जुन्या लग्नपत्रिकेची गोल चकती घाला. चकतीला मध्ये फुलीसारखी चीर पाडायची आणि मेणबत्ती खालून वर सारायची. लाल क्रेप कागदाची झालर त्या चकतीवर बसते. झालर आणि ज्योत यांत किमान ७ सेंटीमीटर अंतर ठेवावं. पेटवताना एकच गोष्ट मुलांकडून घोटून घ्यावी. पेटलेली मेणबत्ती सरळ राहते, न पेटलेली तिच्याकडे वाकते. याच्या उलट झालं की मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडतं, हात झटकला जातो आणि पुढच्या मुलीची नायलॉनची ओढणी पेटते. ओलं गोणपाट आणि वाळूची बादली दाराशी नको, रांगांच्या मध्ये ठेवा. पेटत्या मेणबत्त्या शेवटच्या एका गीतापुरत्याच, पाच मिनिटांच्या वर नकोत.

मेणबत्ती संत्र्यात खोचण्याचा घोळ इथूनच सुरू होतो. फळात मेणबत्ती खोचायची, त्याला लाल फीत बांधायची आणि चार काड्यांना सुकामेवा टोचायचा ही पद्धत इंग्लंडमध्ये १९६८ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पसरवली. फळ म्हणजे जग, ज्योत म्हणजे ख्रिस्त, फीत म्हणजे त्याचं रक्त. १७४७ च्या सभेत फळ नव्हतं. वरुड-मोर्शी-काटोलच्या पट्ट्यात आंबिया बहाराचा संत्रा नेमका या दिवसांत असतो, तेव्हा तोच घ्यावा असं कुणालाही वाटणार. पण नागपुरी संत्र्याची साल सैल, गर मध्ये पोकळ. मेणबत्ती फोडींच्या मधून आत घसरते, कलते, आणि रस चिरीतून वर येऊन मुलाच्या बाहीत उतरतो. परदेशात वापरतात ते घट्ट सालीचं फळ असतं. त्याच्या जवळचं आपल्याकडे मोसंबी. सगळ्यात भक्कम बसतो तो कच्चट पेरू, आणि मूळ रीतीत फळच नसल्यामुळे पेरू वापरण्यात काही धर्मबाह्य नाही. संत्राच हवा असेल तर गराला साल चिकटलेला, देठाशी हिरवट असा बारीक माल निवडा. भोक न पाडता दीड सेंटीमीटरची फुली मारा आणि मेणबत्तीचं बूड चांदीच्या कागदात गुंडाळून बसवा. फळ त्याच दुपारी चिरावं. आदल्या रात्री चिरलेल्या फळांवर सकाळी मुंग्या असतात. काड्या खराट्याच्या चालतात, त्यांना मनुका, बोरं, शेंगदाणे. चार काड्या म्हणजे चार ऋतू असं पुस्तकात असतं, पण आपल्या पोरांना ऋतू तीनच माहीत. चार दिशा सांगा. तोही जुनाच अर्थ आहे.

३१ डिसेंबरच्या वृत्तवाचनाबद्दल थोडक्यात. मोरावियन मंडळीत वर्षभराची नोंद लिहून काढतात आणि त्या रात्री वाचतात. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, आणि त्याच्या जोडीने पाऊसपाणी, पीक, जगात काय झालं तेही. आपल्याकडे हे लिहायला घेतलं की त्याचा अहवाल होतो, अध्यक्ष-सचिवांचे आभार आणि देणगीदारांची यादी. ते जमाखर्चाच्या सभेत वाचा. इथे पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, गारपीट कुठे झाली, कोण गाव सोडून पुण्याला गेलं, हे हवं. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीची नोंद ज्या मंडळीच्या वहीत असेल तिच्या नातवंडांना ती उपयोगी पडेल. दर महिन्याला अर्धं पान लिहिलं तरच हे होतं, डिसेंबरात बसून आठवत नाही. वाचन वीस मिनिटांचं असावं. बारा वाजता पाळक बोलत असले तरी वाजंत्र्यांनी मध्येच गीत सुरू करून त्यांना तोडायचं, अशी त्यांच्याकडे चाल आहे. तिकडे पितळी वाद्यं असतात, आपल्याकडे पेटी, ढोलक, झांज. फक्त त्या आठवड्यात थ्री-फेज लाईन रात्रीची असेल तर निम्मे पुरुष अकराला पाणी द्यायला शेतात जातात. तेव्हा वृत्तवाचन नऊला घ्या, म्हणजे ज्यांचं वर्ष वाचलं जातंय ते ऐकायला असतील.

चांदणी शेवटी ठेवली, कारण तिच्यासाठी आपल्याकडे एक मागणं आहे. एकोणिसाव्या शतकात मोरावियन वसतिगृह-शाळांमध्ये भूमिती शिकवताना ती तयार झाली. मिशनऱ्यांची मुलं आई-वडिलांपासून दूर त्या शाळांत राहत. तिचा गाभा २६ पृष्ठांचा, १८ चौरस आणि ८ त्रिकोण. एक चौरस दिव्यासाठी उघडा राहतो, म्हणून टोकं २५. चौरसावरची १७ आणि त्रिकोणावरची ८.

माप असं घ्या. पायाची प्रत्येक बाजू ८ सेंटीमीटर, टोकाच्या त्रिकोणी पाकळीची उंची २४. चौरस टोकाला अशा चार पाकळ्या शेजारी शेजारी, त्रिकोणी टोकाला तीन. सगळ्या कडांना चिकटवायची एक सेंटीमीटरची पट्टी, तिचे कोपरे तिरके कापलेले. पूर्ण चांदणी ६६ सेंटीमीटरच्या आसपास होते. २२ बाय २८ इंचाच्या एका कार्डशीटमध्ये चार टोकं बसतात, म्हणजे सात कार्डशीट पुरतात. पतंगाचा कागद नको, टोकं लोंबतात. घडी पाडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी, नाहीतर कार्ड घडीवर फाटतं. पायाची बाजू याहून लहान घेण्याचा मोह टाळा. ५ सेंटीमीटरचा पाया घेतला की उघड्या चौरसातून हात आत जात नाही आणि शेवटचं टोक चिकटवता येत नाही.

जोडणी मधल्या पट्ट्यापासून. आठ चौरस टोकांचं कडं करा, पट्ट्या आतल्या बाजूला पाठीला पाठ लावून, कपड्यांचे चिमटे लावून वाळू द्या. त्याच्या वरच्या ओळीत एक चौरस, एक त्रिकोण असे आळीपाळीने चार-चार. खालीही तसंच, आणि तळाला एक चौरस. वरच्या त्रिकोणाच्या बरोबर खाली खालचा त्रिकोण आला पाहिजे. एक घर सरकलं तरी चांदणी बंद होते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. टांगल्यावर मात्र ती कुठून तरी पिळल्यासारखी दिसते आणि मग सगळे दोरीला दोष देतात.

मैद्याची खळ स्वस्त, पण पहाटेच्या दवाने सुटते आणि पुढच्या वर्षीपर्यंत झुरळं पट्ट्या खातात. खळीत मोरचूद घालायची जुनी युक्ती मुलांच्या हाताखाली नको, ते विष आहे. पांढरा गोंद वापरा आणि चांदणी उघड्यावर न टांगता छपरीत टांगा. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा पुरे. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो. दिव्याचं वजन कागदावर येऊ देऊ नका, होल्डर तोंडावर आडव्या बसवलेल्या काडीला बांधा. ६ जानेवारीला उतरवून कोरड्या पेटीत ठेवली तर चार-पाच वर्षं सहज टिकते.

मागणं असं. चौरस टोकाचा नमुना पट्ट्यांसह सुमारे ३२ बाय २६ सेंटीमीटरचा होतो आणि आपल्या अर्ध्या पानात बसतो. तो खऱ्या मापात छापावा, बाजूला ८ सेंटीमीटरची मोजरेघ द्यावी, म्हणजे छपाईत आकार बदलला तर कळेल. त्रिकोणी टोकासाठी वेगळा नमुना लागत नाही, चौथी पाकळी सोडून पट्टी ठेवली की झालं. आणि हे पान नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी यावं.

आपले,
नाताळच्या तयारीचं काम पाहणारे काही सभासद
वरुड तालुका, जि. अमरावती